लेक बाळंतपणाला येतेय? आधी झुरळांचं बघा

लेक सातव्या महिन्यात परळला येणार ठरलं, तेव्हाच मी पेस्ट कंट्रोलवाल्याला बजावलं: फवारणी नको, जेल लाव. बिजागरीच्या फटीत, फ्रिजच्या मागे मसुराएवढा ठिपका पुरतो, हवेत काही उडत नाही. मात्र पोराचा हात पोचेल तिथे तोही नको. ओटा रात्री कोरडा करा, कचऱ्याचा डबा झाका. बरीच झुरळं त्यानेच कमी होतात.

कोणी फवारायला आलंच, तर आधी डब्यावरचं नाव वाचा. क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक असेल तर दारातूनच परत पाठवा. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने बाळांच्या नाळेच्या रक्तात ते मोजलं. ज्यांच्यात जास्त निघालं, त्यांची सातव्या वर्षी स्मरणशक्ती आणि बुद्ध्यांक सरासरीने कमी भरले. अमेरिकेत घरगुती वापर २००० सालापासूनच बंद करत आणला. पोटात मेंदू घडत असताना कसली घाई करायची?

रांगतं मूल लादीवरचा हात थेट तोंडात घालतं, म्हणून मुंग्यांच्या खडूची रेघ घरात कुठेच नको. डासांना मच्छरदाणी. भाजी चिरण्याआधी वाहत्या नळाखाली चोळून धुवा. आमच्याकडे पाणी पहाटे येतं, तेव्हाच उरकते. उरलेलं औषध कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही ओतू नका.