फॉर्मचा डेटा जीझिप करून पाठवायचा असेल तर आधी सर्व्हर तपासा

पानशेतच्या पुढे गेलं की रेंजची एकच काडी, आणि आमची सर्वे करणारी पोरं तिथून "सर सबमिट होतच नाहीये" म्हणून फोन करायची. मी कोथरूडला फायबरवर बसलेलो, माझ्याकडे सगळं झटक्यात जायचं. शेवटी डेव्हटूल्सच्या नेटवर्क टॅबमध्ये ३जी लावलं आणि तोच फॉर्म भरला तेव्हा दिसलं, अख्ख्या वाडीची यादी एका दमात जात होती आणि तीही जशीच्या तशी, अजिबात न दाबता, म्हणजे कॉम्प्रेस न करता.

बऱ्याच जणांना वाटतं की ब्राउझर हे दाबायचं काम आपोआप करतो. येताना करतो, म्हणजे सर्व्हरकडून येणारं पान जीझिप किंवा ब्रॉटली ह्या दाबायच्या पद्धतींनी लहान होऊन येतं कारण ब्राउझरने आधीच सांगितलेलं असतं की मला काय काय उघडता येतं. जाताना मात्र समोरच्या सर्व्हरला काय उघडता येतं हे त्याला माहीतच नसतं, मग तो आहे तसं पाठवून देतो.

आणि मराठीत हे जास्त जड जातं बघा. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे वेबवर अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, मात्रा अनुस्वार धरून. 'कुटुंबप्रमुख' ह्या एका शब्दाचे ३६ बाइट, आणि तो प्रत्येक घराच्या नोंदीत परत परत. जीझिप मागचं ३२ केबी बघत असतं, तेच परत आलं की शब्द न लिहिता "इतकं मागे जा, इतकं उचल" एवढंच लिहितं, म्हणून अशा याद्या मस्त दबतात.

आधी सर्व्हर बघा, कोड नंतर. एक्सप्रेस ह्या नोडच्या फ्रेमवर्कचा जेसन पार्सर (आलेला डेटा वाचणारा भाग) जीझिप स्वतःच उघडतो पण त्याची १०० केबीची डिफॉल्ट मर्यादा उघडल्यानंतरच्या साइजला लागते, त्यामुळे पाठवलं छोटं तरी ४१३ (डेटा फार मोठा) एरर येतो आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर उघडत नाही, मागच्या ॲपकडे तसंच ढकलतो. अपाचेला मॉड डिफ्लेटचा इनपुट फिल्टर लावावा लागतो, जँगो ह्या पायथन फ्रेमवर्कला छोटं मिडलवेअर (रिक्वेस्ट ॲपकडे जायच्या आधी चालणारा कोड) लिहा. टेस्ट कर्ल ह्या कमांड-लाइन टूलने करा, फक्त साधा डेटा पर्याय नको, डेटा-बायनरीच वापरा, कारण साधावाला फाइलमधल्या न्यूलाइन आणि नल बाइट काढून टाकतो आणि जीझिप फाइलची वाट लागते.

मर्यादा काढून मात्र टाकू नका! जीझिपच्या आतली डिफ्लेट पद्धत हजारपटीपर्यंत दाबू शकते, कोणी मुद्दाम तसली फाइल पाठवली तर १ एमबीचे १ जीबी होऊन सर्व्हर बसेल. मर्यादा वाढवा, पण ठेवा.

आता ब्राउझर. जेसन स्ट्रिंगिफाय करा, त्याचा ब्लॉब, ब्लॉबची स्ट्रीम, ती पाइपथ्रूने कॉम्प्रेशनस्ट्रीममध्ये (ब्राउझरचीच दाबायची सोय), फॉरमॅट जीझिप. जे बाहेर येईल ते रिस्पॉन्स ऑब्जेक्टमध्ये घालून परत ब्लॉब करून घ्या आणि तो फेचच्या बॉडीत द्या. स्ट्रीम थेट देऊ नका, ते सगळ्या ब्राउझरात चालत नाही. कंटेंट-टाइप जेसनच राहू द्या, सोबत कंटेंट-एन्कोडिंग जीझिप लावा, हा हेडर विसरलात तर सर्व्हरला नुसता कचरा दिसेल.

एपीआय वेगळ्या डोमेनवर असेल तर ह्या हेडरमुळे आधी परवानगी विचारणारी एक ऑप्शन्स रिक्वेस्ट जाते, सर्व्हरला तिथे कंटेंट-एन्कोडिंग अलाउ करायला सांगा आणि मॅक्स-एजही (ती परवानगी किती वेळ लक्षात ठेवायची ते) द्या, नाहीतर कमी रेंजमध्ये ती जास्तीची फेरी परत परत पडते.

क्रोममध्ये कॉम्प्रेशनस्ट्रीम ८० व्या आवृत्तीपासून आहे, म्हणजे २०२०, सफारी १६.४ आणि फायरफॉक्स ११३ दोन्ही २०२३ चे. त्याआधीचे ब्राउझर असलेले फोन असतील तर पाको ही दाबायची जावास्क्रिप्ट लायब्ररी वापरा, किंवा सरळ न दाबता पाठवा, फॉर्म अडकण्यापेक्षा ते बरं. १ केबीच्या आतलं दाबायच्या भानगडीत पडू नका, जीझिपचे स्वतःचेच १८ बाइट जातात. घराचे फोटोही नको, जेपीईजी आधीच दाबलेला असतो, त्याला कॅनव्हासवर लहान करा.

झालं की सर्व्हरवर, उघडायच्या आधी, बॉडीचे पहिले दोन बाइट लॉगमध्ये छापा. ३१ आणि १३९ आले तर जीझिप पोचतंय. पहिलाच १२३ आला तर तो महिरपी कंस आहे, म्हणजे डेटा अजून साधाच येतोय.