थिंकपॅड टी42 मध्ये एसएसडी बसवताना

2004 च्या आयबीएम थिंकपॅड टी42 चा सगळ्यात थकलेला भाग म्हणजे हार्डडिस्क. आधी तिच्या जागी एसएसडी (चिपवर साठवणारी, न फिरणारी डिस्क) बसवा, बाकीचा खर्च नंतर. जळगाव-धुळ्याच्या दुकानात नुसतं "लॅपटॉपची एसएसडी द्या" म्हणाल तर साटा नाहीतर एनव्हीएमई, म्हणजे नव्या जोडणीची, हातात पडेल. टी42 ला लागते 44 पिनांची 2.5 इंची, आयडीई या जुन्या जोडणीची.

म्हणून 120 किंवा 128 जीबीची एमसाटा एसएसडी (51 × 30 मिमीची पट्टी) आणि एमसाटा ते 44 पिन आयडीई अडॅप्टर घ्या. एम.2 पट्टी त्यात बसत नाही. आयडीईवर फक्त 5 व्होल्ट येतात आणि एमसाटाला 3.3 लागतात, तेव्हा रेग्युलेटर (व्होल्ट उतरवणारा भाग) असलेलाच अडॅप्टर बघा. महागड्या वेगवान पट्टीचा उपयोग नाही. हा मार्गच सेकंदाला 100 एमबीचा आहे.

चार्जर आणि बॅटरी काढा. तळाचा एक स्क्रू सोडला की डिस्क बाजूने सरकून येते. तिची कॅडी (डिस्क धरणारी चौकट) जपून ठेवा, अडॅप्टर तिच्यातच कसायचा आहे. तो सैल राहिला तर पिना तिरक्या जाऊन वाकतात. अडॅप्टरवर जम्पर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) असेल तर मास्टरवर, म्हणजे मुख्य डिस्कच्या जागी, ठेवा, नाहीतर बायोसमध्ये (यंत्र सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्राममध्ये) डिस्क दिसणार नाही.

रॅम 2 जीबीपर्यंत चालते, पीसी2700 डीडीआर. डीडीआर2 च्या पिनाही 200 च असल्या तरी तिची खाच वेगळी. जोर लावू नका.

आता पंखा. खानदेशात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, आणि जिनिंगजवळच्या घरात कापसाचे तंतू जाळीत नमद्यासारखे बसतात. कीबोर्ड आणि हाताखालची पट्टी काढून पंखा बाहेर घ्या, तंतू चिमट्याने उपसा, मग ब्रश. पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरची हवा नको, तिच्यात पाणी असतं. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिलने पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावा. ग्राफिक्स चिपवर पॅड असेल तर तेवढ्याच जाडीचा घाला. आणि यंत्र एका कोपऱ्याला धरून उचलायची सवय सोडा: बोर्ड लवतो, ग्राफिक्स चिपची झाळणी सुटते. या मॉडेलचा हा जुनाच रोग.

चालू करताना 161 किंवा 163 आकडा आला तर आतला घड्याळाचा सेल संपलाय. वायर आणि कनेक्टरसकट मिळणारा सीआर2032 घ्या. साध्या सेलवर सोल्डर मारू नका. वायफाय कार्ड बदलल्यावर 1802 आला तर बायोस ते कार्ड नाकारतंय. अशा वेळी यूएसबी वायफाय स्वस्तात काम भागवतो.

आता ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे लिनक्स. त्यातल्या डेबियन 13 ला 32 बिटचा इन्स्टॉलर नाही. डेबियन 12 किंवा 32 बिट अँटिएक्स घ्या, पण कर्नल (सिस्टीमचा गाभा) पीएईविना, म्हणजे 4 जीबीपलीकडची मेमरी वापरायच्या सोयीविना, निवडा. टी42 मधला प्रोसेसर पेंटियम एम; पुष्कळशा पेंटियम एम चिपा पीएई जाहीर करत नाहीत, आणि पीएईचा कर्नल सुरुवातीलाच अडतो. ट्रिम (पुसलेली जागा एसएसडीला कळवणारी आज्ञा) अडॅप्टरमधून पुढे जाईलच असं नाही, म्हणून विभाग करताना शेवटचे 10-12 जीबी मोकळे सोडा.