हुमणी कुठे आढळते आणि का: आपल्या शेतातील जमिनीखालच्या किडींचा नकाशा कसा करावा

लोणावळ्यात वर्षाला 4000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पुणे शहरात सुमारे 700, तर बारामती-इंदापूरच्या बाजूला त्याहूनही कमी. पावसाबरोबर जमीनही बदलत जाते: मावळ-मुळशीकडे भातखाचरे आणि डोंगरउतारावरील तांबूस वरकस जमीन, भीमा-नीरेच्या काठी खोल काळी, आणि मधल्या माळांवर हलकी मुरमाड. जमिनीखाली कोणती कीड वाढेल हे बऱ्याच अंशी या दोहोंच्या मेळावर ठरते. म्हणून शेजारच्या गावात लागू पडलेली कीडनाशकाची मात्रा आपल्या शेतातही तशीच टाकणे योग्य ठरत नाही. आधी आपल्या शेताचा नकाशा करावा.

त्यासाठी गटाचा कच्चा आराखडा काढून त्यावर जमिनीचे पट्टे दाखवावेत. मूठभर माती ओलसर करून अंगठा आणि तर्जनी यांमध्ये दाबावी. तिची लांब, न तुटणारी पट्टी निघाली तर जमीन भारी. पट्टी लगेच तुटली तर मध्यम. आणि माती हाताला खरखरीत लागून गोळाही धरत नसेल तर हलकी. त्याच आराखड्यावर पाट, पाणी साचणारा सखल भाग, उकिरडा, आणि बांधावरची बाभूळ, बोर व कडुनिंब यांच्या जागाही दाखवाव्यात. झाडे नोंदवणे अनेकांना अनावश्यक वाटते. माझ्या मते मातीइतकेच ते महत्त्वाचे आहे.

याचे कारण हुमणीच्या, म्हणजे जमिनीत राहून पिकांची मुळे खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीच्या, जीवनक्रमात आहे. वळवाचा पहिला दमदार पाऊस झाला की जमिनीत दडून राहिलेले भुंगेरे तिन्हीसांजेला बाहेर पडतात, या झाडांवर जमतात, पाला खातात, आणि मिलनानंतर माद्या आसपासच्या जमिनीत अंडी घालतात. ही अंडी सभोवतालच्या मातीतील ओलावा शोषून फुगतात. माती कोरडीठाक राहिली तर ती सुकतात, आणि चिकण माती पाण्याने गच्च भरून हवा खेळेनाशी झाली तर अंडी आणि लहान अळ्या दोन्ही गुदमरतात. त्यामुळे निचऱ्याची, पण ओल धरणारी मध्यम जमीन हुमणीला सर्वाधिक मानवते, आणि चिखलणी केलेल्या, पाणी भरलेल्या भातखाचरात ती सहसा तग धरत नाही. माळरानावरील हलक्या ते मध्यम जमिनींत होलोट्रिकिया सेराटा ही जात प्रामुख्याने आढळते, तर नदीकाठच्या गाळाच्या जमिनींत ल्युकोफोलिस लेपिडोफोरा. कोरडवाहू भागात बारमाही पाण्याचा ऊस आला की पाऊस कमी असूनही जमिनीत ओल टिकते. म्हणून नकाशावर पावसाइतकीच सिंचनाची नोंद हवी. वळवाची तारीख मात्र वहीत न चुकता लिहावी, कारण पुढचे सर्व दिवस तिच्यापासून मोजायचे असतात.

जुलैच्या अखेरीपासून खड्डे घेण्यास सुरुवात करावी. प्रत्येक मातीच्या पट्ट्यात, शक्यतो पिवळ्या पडू लागलेल्या उसाच्या बेटाजवळ एक आणि निरोगी बेटाजवळ एक, असे 30 सेंमी लांब, रुंद आणि खोल खड्डे पुरेसे होतात. माती गोणपाटावर काढून ढेकळे हातानेच फोडावीत. इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, पांढुरकी, तांबूस डोक्याची, पायांच्या तीन जोड्या असलेली अळी सापडली, आणि पोटातील मातीमुळे तिचे मागचे टोक काळपट दिसत असले, तर ती हुमणी समजावी. उकिरड्याजवळची अळी तळहातावर ठेवताच पाठीवर उलटी सरपटू लागली, तर ती कुजलेल्या पदार्थांवर जगणाऱ्या दुसऱ्या भुंगेऱ्याची असते. तिला मारण्याचे कारण नाही. अळ्यांची संख्या, आकार आणि खोली नोंदवावी. वरची माती तापली किंवा सुकली की अळ्या खाली सरकतात, आणि 30 सेंमीच्या आसपास दिवसरात्रीच्या तापमानातील फरक जवळजवळ नाहीसा होतो. त्यामुळे वरचा थर रिकामा दिसला तरी खोदणे थांबवू नये. मातीचे तापमान हा पुण्यात फार पूर्वीपासून अभ्यासाचा विषय आहे. भारतीय हवामान खात्याचा कृषी हवामान विभाग येथेच 1932 साली सुरू झाला.

इतर किडींची नोंद थोडक्यात होते. वाळवी हलक्या, पाण्याचा ताण पडलेल्या जमिनीत आणि अर्धवट कुजलेल्या शेणखताजवळ पाहावी. रोपे कुरतडणारी अळी थंड, ओलसर दिवसांत ढेकळांखाली आणि भेगांत दडते. आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठारावर बटाटा घेणाऱ्यांनी भेगा विशेष तपासाव्यात, कारण त्यांतून उघड्या पडलेल्या बटाट्यांवर पाकोळी (बटाट्यावरील पतंग) अंडी घालते.

नकाशा तयार झाल्यावर उपाय सर्व शेतात करण्याची गरज उरत नाही. जेथे अळ्या सापडल्या त्या पट्ट्यातच, जमिनीत ओल असताना, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळलेली मेटारायझियम ही अळ्यांना मारणारी बुरशी मुळांजवळ द्यावी. कोरड्या मातीत ती वाया जाते. ती लहान अळ्यांच्या काळातच द्यावी, कारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरपर्यंतच्या पूर्ण वाढलेल्या अळ्या सर्वाधिक मुळे खातात आणि त्यांना आवरणे कठीण जाते. प्रादुर्भाव झालेल्या पट्ट्यात खोडवा (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटणारा ऊस) ठेवू नये. पट्टा मोकळा झाल्यावर खोल नांगरट सकाळी करावी, म्हणजे नांगरामागे येणारे बगळे, साळुंक्या आणि कावळे उघड्या पडलेल्या किडी टिपतात. पुढील वळवानंतर नकाशावर दाखवलेल्या बाभळी आणि कडुनिंब तिन्हीसांजेनंतर हलवून खाली पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात बुडवावेत. हे काम सलग काही संध्याकाळी आणि शक्य तर वाडीतील सर्वांनी मिळून करावे, कारण भुंगेरे बांध ओळखत नाहीत.