पॉइंट टू टू रायफलला स्कोप घेताय? या चुका टाळा

अमेरिकेत नेमबाजीचा नाद लागलेल्यांची पहिली रायफल बहुधा .२२ एलआर (लाँग रायफल) या छोट्या काडतुसाची, म्हणजे ‘बावीस’च असते. गोळ्या स्वस्त, धक्का नावापुरता, आवाजही बेताचा. मग दुकानात ३-९×४० चा स्कोप (३ ते ९ पट मोठं दाखवणारी, ४० मिमी भिंगाची रायफलीवरची दुर्बीण) सवलतीत दिसतो आणि घरी येतो. पुढे २५ यार्डांवर गोळ्या इकडेतिकडे पडू लागल्या की शिव्या रायफलला!

खरी चूक खरेदीतच झालेली असते. असा स्कोप बहुतेक वेळा मोठ्या रायफलींसाठी बनवलेला असतो आणि त्याचा पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा हलला की होणारी नेमाची घसरण, कारखान्यातच १०० यार्डांवर नाहीशी होईल असा बसवलेला असतो. बावीसचं बरंचसं काम मात्र २५ ते ७५ यार्डांत चालतं. एवढ्या जवळ लक्ष्याची प्रतिमा आणि फुली (स्कोपमधली नेम धरायची खूण) एका पातळीत येत नाहीत, त्यामुळे डोळा जरा बाजूला झाला तरी फुली लक्ष्यावरून घसरते. ४० मिमी भिंगाच्या अशा स्कोपमध्ये डोळा पार कडेला गेला, तर २५ यार्डांवर सुमारे १५ मिमीचा फरक पडू शकतो. झाडावरच्या खारीचं डोकं हुकायला तेवढा पुरे.

हे तपासायला गोळी लागत नाही. रायफल रिकामी करा, वाळूच्या पिशव्यांवर पक्की टेकवा आणि तिला हात न लावता स्कोपमधून बघत डोकं वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. फुली कागदावर फिरताना दिसली तर दोष पॅरॅलॅक्सचा. रिमफायरसाठीचे (बावीससारख्या छोट्या काडतुसांसाठीचे) स्कोप साधारण ५० किंवा ६० यार्डांवर बसवलेले असतात, तेच मागा. थोडे जास्त पैसे घालायची तयारी असेल तर पॅरॅलॅक्स जुळवायला पुढच्या भिंगाभोवती फिरती कडी किंवा बाजूला चक्री असलेला घ्या. त्या कडीवरचे आकडे मात्र वेदवाक्य मानू नका, डोकं हलवूनच खात्री करा. त्याआधी डोळ्याकडची कडी फिरवून फुली स्वच्छ दिसेल असं करून ठेवायचं. हे बहुतेक जण विसरतात.

झूमचा मोह दुसरा. सगळे मोठा आकडा बघतात, मी आधी लहान आकडा बघतो. रानात फांदीवर पळणारी खार १२ पटीत शोधत बसलात तर ती घरी पोचलेली असेल. सर्व कामांसाठी २-७×३२ पुरेसा आहे. १०० यार्डांवर कागद किंवा लोखंडी पट्ट्यांवरच मारायचं असेल तर ४-१२ चालेल, पण पॅरॅलॅक्सच्या कडीसकट.

आणि घरातलं पोर ऑलिंपिकच्या वाटेने जाणार असेल तर स्कोप घेऊच नका. स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य मिळवलं, त्या प्रकारात रायफलवर दुर्बीण लावायला परवानगीच नाही.

रिंगा (स्कोप रायफलीवर धरून ठेवणाऱ्या कड्या) घेताना रायफलची खाच बघा. बऱ्याच बावीस रायफलींवर ३/८ इंच किंवा ११ मिमीची डव्हटेल खाच असते. तिथे वीव्हर किंवा पिकॅटिनी या रुंद पट्ट्यांसाठीच्या रिंगा बसत नाहीत, ओढूनताणून बसवल्या तर सैल होतात. गोळीच्या घसरणीच्या खुणा असलेली फुलीही मोठ्या काडतुसाच्या हिशेबाची असेल तर उपयोगाची नाही. ५० यार्डांवर झिरो केलेली (नेम धराल तिथेच लागेल अशी जुळवलेली) साध्या वेगाची बावीसची गोळी १०० यार्डांवर सहा-सात इंच खाली येते.

झिरो करताना होणारा घोळ ठरलेला. टरेटवर (नेम सरकवायच्या स्कोपवरच्या चक्रीवर) लिहिलेलं असतं, एक क्लिक म्हणजे पाव इंच. ते १०० यार्डांवर! २५ यार्डांवर एक इंच सरकायला १६ क्लिक लागतात. लोक चार फिरवतात आणि स्कोप बिघडला म्हणतात.

सगळं करूनही नेम भटकत असेल तर आधी गोळ्यांचं खोकं बघा. ब्रँड बदलला की झिरोही सरकू शकतो, आणि नव्या गोळीला नळी रुळायला थोडा वेळ लागतो. मग रिंगांचे आणि स्टॉकचे स्क्रू तपासा. तरीही शंका असेल तर ओळखीच्यांकडचा चांगला चालणारा स्कोप तुमच्या रायफलवर चढवून बघा. गोळ्या तशाच विखुरल्या तर स्कोप परत पाठवू नका, रायफल दाखवून घ्या.