मोठ्या टायरच्या गाडीला स्नो चेन: माप गोव्यातच घ्या

थार किंवा जिम्नीचे कंपनीचे टायर काढून मोठे मड टायर चढवले असतील, तर दुकानात गाडीचं नाव सांगून स्नो चेन, म्हणजे बर्फात पकड मिळावी म्हणून टायरवर चढवायची साखळी, मागू नका. गाडीच्या नावावर मिळणारी चेन मूळ टायरच्या मापाची असते. मनालीत भाड्याने मिळणाऱ्या चेनचंही तेच, त्या साध्या मोटारींच्या मापाच्या. पणजीहून चोवीसशे-पंचवीसशे किलोमीटर गाडी हाणून सोलंगच्या पुढे बर्फात उभं राहिल्यावर चेनची टोकं जुळत नाहीत हे कळण्यापेक्षा आधी हिशोब करा.

245/75 आर16 या टायरचा व्यास 774 मिमी भरतो. 285/75 आर16 चा 834 मिमी. फरक सहा सेंटिमीटरच, पण परिघात तो 19 सेंटिमीटर होतो. शिवाय रुंदी 40 मिमीने वाढलेली असते. एवढी तूट कोणताही टेन्शनर (चेन ताणून घट्ट धरणारा भाग) भरून काढत नाही.

टायरवर छापलेलं मापही शेवटचं धरू नका. त्याच आकड्याचे दोन कंपन्यांचे टायर प्रत्यक्षात सारखे नसतात, आणि मड टायरच्या गोट्या, म्हणजे रबराचे जाड उंचवटे, खांद्यावरून बाजूला उतरलेल्या असतात. नेहमीची हवा भरून टायरच्या मध्यावरून परिघ घ्या, मग सर्वांत फुगीर जागी रुंदी घ्या. मोजायला शिवणकामाची टेप चालेल, सुंभ नको, ते ताणतं. चेनच्या पेटीवरच्या यादीत तुमचं माप जसंच्या तसं छापलेलं हवं, 33x12.5 अशा इंची मापाचे टायर असतील तर तेही तसंच. ‘जवळपासचं बसेल’ म्हणणाऱ्या दुकानदाराकडून घेऊ नका.

आता खरी अडचण. चेन टायरवर बसते, पण गाडीत मावते का? मोठ्या टायरने आतली जागा आधीच खाल्लेली असते. अमेरिकेच्या एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेच्या वर्गवारीत ‘एस’ वर्गाच्या चेनला टायरच्या बाजूला किमान 15 मिमी आणि तोंडावर, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागावर, 37 मिमी मोकळी जागा लागते. ‘यू’ वर्गाला 23 आणि 50, ‘डब्ल्यू’ वर्गाला 38 आणि 63.5 मिमी. त्या जाडीच्या लाकडी पट्ट्या सुताराकडून कापून आणा आणि टायरच्या आतल्या बाजूने फिरवून पाहा. अप्पर आर्म, शॉकअप, ब्रेक होज, एबीएसची वायर आणि मडगार्डचं प्लास्टिक, एवढ्या जागा तपासायच्या.

हे माप जॅकवर घेऊ नका. चाक लोंबकळलं की जागा खोटी वाढते. गाडी जमिनीवर ठेवून स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा. मग एक पुढचं चाक जाड ओंडक्यावर चढवून, सस्पेन्शन दाबलेल्या अवस्थेत पुन्हा पाहा (ओंडक्याऐवजी चिरा घेऊ नका, भाराने फुटतो). नव्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, तिथे वरचा आर्म टायरच्या अगदी जवळ येतो. जिम्नीला पुढे-मागे सलग अ‍ॅक्सल आहे. तिथे आतली दांडकी आणि स्टीअरिंग पूर्ण वळलेलं असतानाची जागा बघा. चाक बाहेर सरकवणारे स्पेसर लावले असतील तर आत जागा मिळते, पण बाहेर मडगार्डला घासतं. पुढे जागा नसेल तर एक माप लहान टायरवर जाणं हाच सरळ उपाय. पातळ चेन घेऊन भागवू नका. मड टायरच्या खोल खाचांत ती रुतून बसते, बर्फाला लागतच नाही.

नमुन्यात शिडीसारखी चेन स्वस्त, पण दोन आडव्या साखळ्यांच्या मधल्या जागी टायर उघडाच टेकतो. गाडी धडधडते, आणि आडव्या उतारावर घसरली की चेन अडवत नाही. चौकटीचा, म्हणजे डायमंड नमुना बाजूची पकड धरतो. मोठ्या टायरला हाच घ्या, कडक केलेल्या पोलादाचा, चौकोनी कडीचा. चेनऐवजी टायरवर चढवायचे कापडी मोजे खडी आणि मड टायरच्या गोट्यांत लवकर फाटतात.

पणजीजवळच्या मालीमच्या जेटीजवळून ट्रॉलरची साखळी आणून वेल्डरकडून चेन बनवून घ्यायचा मोह टाळा. त्या कड्यांचा पृष्ठभाग रस्त्यावर घासण्यासाठी कडक केलेला नसतो, आणि हाताने केलेला जोड सुटला तर मोकळं टोक चाकाबरोबर फिरून ब्रेक होज तोडतं.

चार चाकांना चेन लावणं सर्वांत चांगलं. दोनच असतील तर गाडीचं मॅन्युअल काय सांगतं ते पाहा. फक्त पुढे लावल्यास उतारावर मागचा भाग फिरतो, फक्त मागे लावल्यास वळताना गाडी सरळ जाते. दोन्ही धोके आम्हाला पसंत नाहीत, म्हणून दोन जोड्या.

लावताना हुकचं उघडं तोंड टायरपासून बाहेरच्या बाजूला ठेवा, नाहीतर ते टायरची बाजू कापतं. आतला हुक आधी जोडा, मग बाहेरचा, मग कॅम (चेनवरची ताण द्यायची फिरकी) फिरवून ताण द्या. उरलेली कडी केबल टायने बांधा. शंभर-दोनशे मीटर जाऊन थांबा आणि पुन्हा ताणा. पहिल्यांदा चेन सैल होतेच. चेन लावल्यावर हवा कमी करू नका. टायर आकसला की ताण जातो. हवा काढायची असेल तर आधी काढा, मग चेन. वेग 50 च्या आतच, कोरडा डांबरी रस्ता आला की चेन उतरवा, आणि चाक जागच्या जागी फिरवत बसू नका, त्यानेच आडव्या साखळ्या तुटतात. चार-सहा जोडकड्या, पक्कड, रबरी हातमोजे आणि ताडपत्रीचा तुकडा बरोबर असू द्या.

सराव घरच्या आंगणात करा, डोळे मिटून हुक सापडेपर्यंत. किनाऱ्यावर नको, तिथे गाडी नेण्यास बंदी आहे, वाळूतला खार कड्यांत भरतो ते वेगळं. स्टेपनीही त्याच मापाची हवी, नाहीतर पंक्चर झाल्यावर चेन बसणार नाही. परत आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, उन्हात पूर्ण वाळवा, तेलाचा हात फिरवून कोरड्या गोणीत ठेवा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत ओली ठेवलेली चेन एका पावसाळ्यात गंजून अडकते, आणि कॅम तर सर्वांत आधी.