मॉडेल रेल्वेची गाडी ब्लॉकमध्ये (रुळाच्या वेगळ्या केलेल्या तुकड्यात), पण कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर ब्लॉक रिकामा?

असं झालं की लगेच सॉफ्टवेअरची सेटिंग उचकू नका, आधी १ किलोओहम अर्धा वॅटचा रेझिस्टर घ्या (हे करंट सेन्सिंगवाल्या, म्हणजे रुळातून करंट वाहतोय का यावरून गाडी ओळखणाऱ्या डिटेक्टरसाठी).

१. पॉवर चालू ठेवून, गाडी काढून, रेझिस्टरचे दोन पाय दोन रुळांवर टेकवा. डिटेक्टरचा एलईडी लागला पण स्क्रीन तशीच, तर अॅड्रेस (सॉफ्टवेअरमधला त्या डिटेक्टरचा नंबर) चुकलाय किंवा फीडबॅकची (डिटेक्टरची माहिती कॉम्प्युटरकडे नेणारी) केबल सैल आहे. स्क्रीनवरही दिसलं तर इंजिनाची चाकं पुसा, बहुतेक वेळा काळा थरच नडतो.

२. एलईडी लागलाच नाही तर तोच रेझिस्टर डिटेक्टरच्या आउटपुट स्क्रूवर लावा, तिथे लागला तर मधली वायर नाहीतर रुळाचा जोड तपासा.

रेझिस्टरऐवजी नुसती वायर टेकवू नका, शॉर्ट होईल.