विजेच्या छोट्या होडीची मोटर आणि पंखा यांची जुळणी

होडी अपेक्षेइतकी पळत नाही असे दिसले की बहुतेक जण मोठ्या मोटरची चौकशी करू लागतात. वास्तविक दोष बहुधा मोटर आणि पंखा (पाण्यात फिरून होडी ढकलणारा प्रोपेलर) एकमेकांना साजेसे नसण्यात असतो, आणि तो मोजमाप केल्याशिवाय कळत नाही.

मोजमापासाठी क्लॅम्प मीटर (तारेभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणारे यंत्र) आणि वेगासाठी मोबाइलवरील जीपीएस पुरेसे आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मीटर घेताना तो डीसी अँपिअर मोजतो का, हे विचारून घ्यावे, कारण अनेक स्वस्त मीटर केवळ एसी मोजतात. मनोरीच्या किंवा ठाण्याच्या खाडीत पाण्याला ओढ असते. म्हणून अष्टमीच्या सुमारास, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असलेल्या भांगाच्या दिवसांत, एकाच टप्प्यावर दोन्ही दिशांनी लगोलग होडी चालवून वेगाची सरासरी काढावी. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात घेतलेल्या आकड्यांवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

आता पंख्याकडे वळू. पंखा एका फेऱ्यात तत्त्वतः जितका पुढे सरकतो, ते त्याचे पिच. ६ इंच पिचचा पंखा मिनिटाला १२०० फेरे घेत असेल, तर हिशेबाने ताशी ११ किलोमीटर वेग येतो. परंतु पाणी निसटत असल्यामुळे ३० टक्के घट धरल्यास हाती पावणेआठच्या आसपास उरतात. पूर्ण थ्रॉटलवर अँपिअर मोटरवरील माहितीपट्टीत दिलेल्या मर्यादेपलीकडे जात असतील, फेरे कमी होत असतील आणि मोटर तापत असेल, तर पिच जास्त आहे. उलट मोटर भराभर फिरते, अँपिअर कमी दिसतात आणि तरीही होडी रेंगाळते, तेव्हा पिच कमी आहे असे समजावे, मात्र पंखा पृष्ठभागाजवळ राहून हवा ओढत नाही ना, हे आधी पाहावे. पिच एकेका इंचाने बदलून पुन्हा मोजावे. जागा असेल तर मोठ्या व्यासाचा, सावकाश फिरणारा पंखा सहसा कमी विजेत तेवढाच जोर देतो. मोटरवर लिहिलेला पौंडांतील रेटा (ढकलण्याचा जोर) होडी जागेवर बांधून मोजलेला असतो. त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नये.

वेगालाही मर्यादा आहे. होडीची पाण्याला टेकलेली लांबी ४ मीटर असेल, तर ताशी सुमारे ९ किलोमीटरनंतर ती स्वतःच्याच लाटेवर चढू पाहते आणि वीज वाया जाते. त्याखालीही लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग निम्मा केल्यास शक्ती एक अष्टमांशापर्यंत उतरते आणि त्याच बॅटरीत बरेच लांब जाता येते.

तारांचे काम थोडक्यात: पूर्ण भाराखाली बॅटरीच्या आणि मोटरच्या टोकांवरील व्होल्टेज मोजावे, १२ व्होल्टच्या जोडणीत फरक पाव-अर्ध्या व्होल्टचा असेल, तर तार आखूड किंवा जाड करावी. फ्यूज बॅटरीजवळच असावा.

खाडीतील प्लास्टिक आणि जाळ्याचे दोर हा मुंबईतला नेहमीचा उपद्रव. पंख्याचा नट काढून मागचा दांडा तपासावा, कारण तिथे गुंडाळलेली नायलॉनची दोरी बाहेरून दिसत नाही आणि दांड्याभोवतीचे पाणी अडवणारे सील कापले जाऊन पाणी मोटरमध्ये शिरते. त्यापूर्वी बॅटरीची जोडणी सोडवलेली असलीच पाहिजे. पात्यांच्या कडांवरचे खवले बारीक कानशीने घासावेत, मात्र सर्व पात्यांवर सारखेच, अन्यथा पंखा थरथरू लागतो.